युवा वाद्यवृंदातील पहिले वर्ष : नागपूरच्या पालकांसाठी मार्गदर्शक

मूल काही वर्षे व्हायोलिन, बासरी किंवा ट्रम्पेट शिकते, परीक्षेच्या एक-दोन श्रेणी पार करते आणि मग वर्गातील सर किंवा मॅडम सुचवतात की आता त्याने वाद्यवृंदात बसून पाहावे. नागपुरातील अनेक घरांत पेटी-तबला असतो, आजोबांच्या पिढीने रात्ररात्र मैफली ऐकलेल्या असतात. त्यामुळे गुरूंसमोर एकट्याने बसून शिकणे कसे असते, याची मोठ्यांना चांगली कल्पना असते. तीस-चाळीस मुलांनी छापील नोटेशन (स्वरलिपी) समोर ठेवून, एका कंडक्टरच्या हाताकडे पाहत, एकाच क्षणी सुरू करून एकाच क्षणी थांबणे हा प्रकार मात्र बहुतेक कुटुंबांना नवा असतो. चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्रात गायक पुढे असतो आणि वादक त्याला साथ करतात. येथे सगळेच साथीदार असतात.

मुंबईत १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारणारे व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी पुढे लॉस एंजेलिसमध्ये १९६४ पासून तीन दशकांहून अधिक काळ अमेरिकन यूथ सिम्फनी हा तरुणांचा वाद्यवृंद चालवला. एकट्याने उत्तम वाजवणाऱ्या तरुणालाही समूहात वाजवणे वेगळे शिकावे लागते, ही जाणीव अशा सर्व वाद्यवृंदांच्या मुळाशी आहे. या शिक्षणात घरच्यांचा वाटा मोठा असला, तरी तो संगीताचा नसतो. पालकांना नोटेशन वाचता आले नाही तरी काही बिघडत नाही. मूल दर आठवड्याला वेळेवर पोहोचले आणि तालमीच्या खोलीत गेल्यावर घरच्यांनी त्याच्या व कंडक्टरच्या मध्ये येण्याचे टाळले, तर निम्म्याहून अधिक काम झाले असे समजावे. यांतील दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे.

पायरी १ : नाव नोंदवण्यापूर्वी

सर्वांत आधी मुलाच्या सध्याच्या गुरूंशी बोलावे. ही केवळ औपचारिकता नाही. मूल हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकत असेल तर ते जमिनीवर मांडी घालून बसते, वाद्याचा पुढचा भाग पायावर टेकवते आणि तारा षड्ज-पंचमाच्या जोड्यांत, आपल्या सोयीच्या पट्टीत मिळवते. वाद्यवृंदात त्याला खुर्चीच्या कडेवर ताठ बसून, वाद्य खांद्यावर धरून, जी, डी, ए, ई अशा ठरलेल्या स्वरांत मिळवलेल्या तारांवर वाजवावे लागते. एकच वाद्य आठवड्यातून दोनदा चढवायचे आणि उतरवायचे म्हटले तर तारा स्थिर राहत नाहीत आणि लवकर निकामी होतात. शक्य असल्यास दुसरे साधे वाद्य ठेवावे. ते शक्य नसल्यास कोणती पद्धत कोणत्या काळात चालू ठेवायची, हे गुरू आणि कंडक्टर या दोघांना विचारून ठरवावे. गुरूंना न सांगता मुलाला वाद्यवृंदात पाठवणे आणि त्यांना ते कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेवरून कळणे, यासारखा अवमान दुसरा नाही.

संयोजकांना विचारण्याचे प्रश्न थोडे असतात, पण ते लाजू नये इतके महत्त्वाचे असतात. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरील पाश्चात्त्य स्वरलिपी, किती वाचता यायला हवे, तालीम कोणत्या वारी आणि किती वेळ असते, वर्षाचे कार्यक्रम कधी असतात, किती गैरहजेरी चालते, शुल्कात सवलत किंवा वाद्य वापरायला देण्याची सोय आहे का, आणि विभागवार (एकेका वाद्यगटाची) तालीम वेगळ्या खोलीत असेल तर तेथे मुलांबरोबर दोन मोठी माणसे असतात का, हे सर्व आधीच विचारावे. शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो; परंतु ज्या संस्थेला तो खटकतो, त्या संस्थेविषयी पालकांनी जरा अधिक चौकशी करावी.

त्यानंतर घरातील दिनदर्शिका उघडावी आणि त्यात शहराची स्वतःची गैरसोय धरावी. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा मोर्चे आणि बंदोबस्त यांमुळे सिव्हिल लाइन्स, झिरो माइल आणि टेकडी रोड या भागांतील वाहतूक ऐनवेळी वळवली जाते. कार्यक्रमांचा हंगामही नेमका तोच असतो आणि डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह सिव्हिल लाइन्समध्येच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडग्या-मारबतीच्या मिरवणुकीमुळे महाल-इतवारीत वाहन नेणे व्यर्थ असते, आणि दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखोंनी लोक येत असल्याने दीक्षाभूमीच्या आसपासचे रस्ते बंद असतात. या दिवसांत मेट्रो उपयोगी पडते. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकत्र येतात, आणि चेलोसारखे मोठे वाद्य स्कूटरवर नेण्यापेक्षा डब्यात उभे धरून नेणे केव्हाही सुरक्षित असते.

पायरी २ : वाद्य आणि त्याचा बॉक्स

व्हायोलिन पाव, अर्धे, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत मिळते. त्याहून लहान मापेही असतात. डावा हात सरळ लांब करून वाद्य खांद्यावर ठेवल्यावर त्याचे टोक मनगट ते तळहाताच्या मध्यापर्यंत पोहोचावे आणि बोटे त्याभोवती सहज वळावीत, हा सर्वसाधारण अंदाज आहे. शाळेचा गणवेश घेताना आपण वाढत्या अंगाचा घेतो, तसे व्हायोलिन घेऊ नये. मोठ्या मापाच्या वाद्यावर करंगळी ताणली जाते, स्वर खाली लागतो आणि ती सवय पुढे मोडत नाही.

नागपूरचे हवामान लाकडी वाद्यांना मानवणारे नाही. व्हायोलिनचे सांधे प्राणिजन्य सरसाने जोडलेले असतात आणि तो सरस उष्णतेने मऊ पडतो. मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते, तेव्हा बंद मोटारीच्या आत ते त्याहून कितीतरी अधिक असते. म्हणून "पाच मिनिटांत येतो" असे म्हणून वाद्य गाडीत ठेवून जाऊ नये. कोरड्या उन्हाळ्यात खुंट्या आक्रसून सैल होतात आणि तारा आपोआप उतरतात. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून घट्ट बसतात आणि जोर लावला तर मोडतात. घरोघरी असणाऱ्या कूलरचा झोत वाद्यावर येऊ देऊ नये, कारण कोरड्या खोलीतून अचानक ओल्या हवेत आलेले लाकूड ताणले जाते. साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता वाद्याला योग्य मानली जाते. तेवढी नेमकी राखणे घरी शक्य नसते, परंतु वाद्य बंद बॉक्समध्ये, आतल्या भिंतीलगतच्या कपाटात ठेवणे आणि पावसाळ्यात त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकणे प्रत्येकाला जमते.

वाजवून झाल्यावर बोचे, म्हणजे व्हायोलिन वाजवण्याच्या गजाचे, केस सैल करावेत आणि तारांवर पडलेली रोझिनची (केसांना घासण्याच्या राळेची) पूड कोरड्या सुती फडक्याने पुसावी. या दोन कामांना एक मिनिट लागते आणि ती मुलानेच करावीत, आईने नव्हे. दुचाकीवरून जाताना बॉक्स हँडलला अडकवू नये. तो पाठीवर दोन्ही खांद्यांत घ्यावा.

बॉक्समध्ये रोझिन, म्यूट (आवाज कमी करणारा लहान तुकडा), सुट्या तारा आणि खोडरबरासह मऊ शिशाची पेन्सिल असावी. सुट्या तारांत ई ही सर्वांत बारीक तार अवश्य हवी, कारण तुटते ती बहुधा तीच. पेन्सिलविषयी मी थोडा आग्रही आहे. पेन न वापरण्याचे कारण असे की कंडक्टर बोची दिशा आज एक सांगतात आणि पुढच्या आठवड्यात बदलतात. शिवाय नोटेशनची प्रत बहुतेक वेळा संस्थेची असते आणि ती पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाच्या हाती जाते.

पायरी ३ : तालमीची रीत

चार वाजताची तालीम म्हणजे चार वाजता पहिला स्वर. त्यामुळे मुलाने किमान वीस मिनिटे आधी पोहोचून खुर्ची, स्टँड आणि नोटेशन लावून बसावे. चप्पल-बूट कोठे काढायचे, हे तेथील प्रथेप्रमाणे करावे. वाद्याला पाय लागू नये आणि वाद्य ओलांडून जाऊ नये ही आपली रीत मात्र येथेही तितकीच लागू आहे, आणि तिचा व्यावहारिक फायदा असा की जमिनीवर ठेवलेली वाद्ये तुडवली जात नाहीत.

सूर मिळवताना पूर्ण शांतता असते. पूर्ण वाद्यवृंदात ओबो हे फुंकून वाजवण्याचे वाद्य ए हा स्वर देते, कारण त्याचा आवाज स्थिर आणि गर्दीतूनही वेगळा ऐकू येणारा असतो. ओबो नसल्यास ट्यूनर किंवा कीबोर्डवरून स्वर घेतात. हा ए सेकंदाला ४४० कंपनांचा धरण्याचे १९३९ च्या लंडनमधील आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले, आणि आज बहुतेक ठिकाणी तोच आधार असतो. या वेळी एखाद्याने आपल्या आवडीच्या गाण्याची ओळ वाजवून पाहिली, तर शेजारच्या दहा जणांना स्वर ऐकू येत नाही.

कंडक्टरचा हात वर गेला की वाद्ये तयार आणि बोलणे बंद. ते थांबले की सर्वांनी त्याच जागी थांबावे; आपली ओळ पूर्ण करण्याचा मोह सर्वांनाच होतो, चांगले वाजवणाऱ्यांना अधिक होतो. कंडक्टर दुसऱ्या विभागाशी बोलत असताना बोटांनीसुद्धा सराव करू नये, त्यांचे बोलणे ऐकावे, कारण चेलोंना सांगितलेली गोष्ट चार ओळींनंतर व्हायोलिनांनाही लागू होते. आपल्या वाट्याला विराम असेल तर मात्रा मोजत बसावे. ट्रम्पेट किंवा तालवाद्य वाजवणाऱ्या मुलांना कधी कधी पन्नास-साठ मात्रा नुसते मोजावे लागते आणि पालकांना वाटते की मुलाला काही कामच दिलेले नाही. मोजणे हेच त्या वेळचे काम असते, आणि मोजून बरोबर जागी शिरणे हे सोपे नाही.

तंतुवाद्यांत दोघांमध्ये एक स्टँड असतो. श्रोत्यांच्या बाजूला बसलेला वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा पान उलटतो. पान उलटणाऱ्याचे दोन-तीन स्वर सुटले तरी चालते, तशी योजनाच असते. स्टँडची उंची दोघांच्या सोयीची ठेवावी. बोच्या खुणा विभागाचा प्रमुख करील तशाच कराव्यात, कारण संपूर्ण विभागाचे बो एकाच दिशेने जायला हवेत. शंका असल्यास ती आधी विभागप्रमुखाला विचारावी, आणि ती त्याला सुटली नाही तर त्यानेच कंडक्टरना विचारावी. हा प्रमुख पुष्कळदा अकरावीतील एखादी ताई किंवा दादा असतो. मुलाने त्यांना ताई-दादा जरूर म्हणावे, मात्र त्यांनी दिलेली सूचना मोठ्या माणसाच्या सूचनेसारखीच पाळावी.

नखे कापलेली असावीत. बो धरणाऱ्या हातात काचेच्या बांगड्या किंवा सैल घड्याळ नसावे, शांत जागी त्यांची किणकिण सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाते. खाऊ मधल्या सुट्टीतच खावा आणि हात साबणाने धुवावेत. तर्री पोहे नागपूरकरांना कितीही प्रिय असले, तरी तालमीच्या डब्यासाठी ते योग्य नाहीत. तर्रीचे तेल बोच्या केसांना एकदा लागले की त्या जागी रोझिन धरत नाही आणि केस बदलावे लागतात. चिवडा, केळे किंवा संत्री द्यावीत, आणि संत्र्यानंतरही हात धुवावेतच. बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट अशी फुंकून वाजवण्याची वाद्ये असणाऱ्यांनी खाल्ल्यावर चूळ भरल्याशिवाय वाद्य तोंडाला लावू नये.

पायरी ४ : घरचा सराव

वाद्यवृंदाचा भाग एकट्याने वाजवला की कंटाळवाणा वाटतो. विशेषतः दुसऱ्या व्हायोलिनच्या, म्हणजे व्हायोलिनांच्या दोन गटांपैकी दुसऱ्या गटाच्या, वाट्याला अनेकदा धून नसते, एकाच स्वराची लयबद्ध पुनरावृत्ती असते. आजी बाहेरच्या खोलीतून विचारते, "हे काय रे सारखं तेच तेच?" आणि मूल खजील होते. अशा वेळी ती रचना सबंध ऐकवावी, म्हणजे त्या तेच-तेच स्वरांवर वरची धून कशी उभी आहे, हे आजीलाही कळते आणि मुलालाही.

रोज वीस-तीस मिनिटांचा ठरावीक वेळ रविवारच्या तीन तासांपेक्षा अधिक उपयोगाचा असतो. संपूर्ण रचना आरंभापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवण्याऐवजी अडणाऱ्या चार ओळी घ्याव्यात, मेट्रोनोम (लय दाखवणारे यंत्र) मंद लावून त्या बसवाव्यात आणि मग लय वाढवावी. पालकांनी जवळ बसायचे असेल तर चुका सांगण्यासाठी बसू नये. फ्लॅटमध्ये राहत असल्यास शेजाऱ्यांशी आधी बोलून वेळ ठरवावी आणि दुपारची त्यांची झोप सोडून सराव करावा. व्हायोलिनला जड रबरी म्यूट लावला की आवाज पुष्कळ कमी होतो.

पायरी ५ : पालकांनी कोठे थांबावे

खुर्चीचा वाद पहिल्याच वर्षी निघतो. "आमची मुलगी तिच्यापेक्षा चांगली वाजवते, मग ती मागे का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. बसण्याची जागा ठरवताना कंडक्टर केवळ कौशल्य पाहत नाहीत. मागच्या रांगेत लय सांभाळणारा पक्का वादक नसेल तर सगळा विभाग मागे रेंगाळतो, म्हणून चांगली मुले मुद्दाम मागेही बसवली जातात. दुसरे व्हायोलिन म्हणजे दुय्यम दर्जा नव्हे. याविषयी मुलाला काही विचारायचे असेल तर त्याने स्वतः, तालीम संपल्यावर, नम्रपणे विचारावे. पालकांना बोलणे आवश्यकच वाटले तर वेळ मागून एकांतात बोलावे. इतर पालकांच्या देखत किंवा व्हॉट्सॲप गटावर हा विषय काढला, तर त्याची किंमत मुलाला त्या गटात बसून चुकवावी लागते.

त्या गटाविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. तो वेळापत्रकासाठी असतो. सुप्रभाताचे संदेश, राजकीय मजकूर आणि अभिनंदनांची रांग यांत "उद्याची तालीम अर्धा तास आधी" ही एक ओळ हरवते आणि दुसऱ्या दिवशी सहा मुले उशिरा येतात. गैरहजेरी गटावर न कळवता ज्यांच्याकडे हजेरी असते त्यांना थेट, शक्य तितक्या आधी कळवावी, आणि त्या आठवड्यात काय झाले हे स्टँडवरील जोडीदाराकडून समजून घेण्यास मुलाला सांगावे. इतरांच्या मुलांचे छायाचित्रण त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय कोठेही टाकू नये.

तालमीच्या खोलीत पालकांनी बसावे की नाही, हे संस्था ठरवते. माझे मत विचाराल तर बसू नये. आई समोर असली की मूल कंडक्टरकडे पाहण्याऐवजी आईच्या चेहऱ्याकडे पाहते. मदतच करायची असेल तर खुर्च्या मांडणे, पाण्याची व्यवस्था, नोटेशनच्या प्रतींचा हिशेब, दूरच्या वस्तीतील मुलांना घरी सोडणे अशी कामे भरपूर असतात आणि ती करणारे नेहमी कमी पडतात. मुलाला घ्यायला कोण येणार, त्याचे नाव संयोजकांकडे लिहून द्यावे. तालीम संपण्याच्या वेळी पालक दाराशी हजर असावा. आपल्या उशिरामुळे एखाद्या शिक्षिकेला रात्री आठला रिकाम्या इमारतीत थांबावे लागते, हे विसरू नये.

पायरी ६ : कार्यक्रमाचा दिवस

पोशाख आदल्या रात्री काढून ठेवावा. बहुतेक ठिकाणी काळा किंवा पांढरा-काळा पोशाख असतो. मोजेसुद्धा काळेच लागतात, कारण खुर्चीवर बसल्यावर ते दिसतात. बाही इतकी सैल असावी की बो शेवटपर्यंत ओढता येईल. जेवण हलके आणि दीड-दोन तास आधी. सभागृहाच्या वातानुकूलित हवेत वाद्यांचा सूर हलतो, म्हणून रंगमंचावरील तालमीची वेळ चुकवू नये.

आपल्याकडे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मान्यवरांचे मनोगत हे सर्व असतेच आणि असावेही. मुलांना वाद्ये घेऊन दिव्यांच्या उष्णतेत पाऊण तास मागे बसवून ठेवणे मात्र योग्य नाही. सत्कार आधी उरकून मग मुलांना आत आणावे, अशी विनंती पालकांच्या वतीने एखाद्याने संयोजकांना पुरेशी आधी केली, तर ती सहसा मान्य होते.

श्रोत्यांमध्ये बसलेल्या नातेवाइकांना एक गोष्ट घरूनच सांगून आणावी. बैठकीत चांगल्या जागेला "वाहवा" म्हणणे, मांडीवर ताल धरणे ही दाद असते आणि ती नसली तर गायकाला चुकल्यासारखे वाटते. पाश्चात्त्य सिम्फनीचे, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनेचे, तीन-चार भाग असतात आणि त्यांच्या मध्ये टाळ्या न वाजवण्याचा आज प्रघात आहे. कंडक्टर हात पूर्ण खाली घेऊन श्रोत्यांकडे वळले की टाळ्या वाजवाव्यात. एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. हा प्रघात तसा अलीकडचा आहे. संगीतकार मोझार्टने ३ जुलै १७७८ रोजी पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या नव्या सिम्फनीतील एका जागेला श्रोत्यांनी वादन चालू असतानाच टाळ्या दिल्याचे आनंदाने नमूद केले आहे. त्यामुळे आजोबांकडून मध्येच दाद गेली, तर नातवाने ओशाळण्याचे कारण नाही.

मोबाइल बंद ठेवावा. पडद्याचा उजेड रंगमंचावरून स्पष्ट दिसतो, आणि उभे राहून चित्रण करणारे काका मागच्या तीन रांगांचे दृश्य अडवतात. तान्हे मूल रडू लागल्यास त्याला घेऊन शांतपणे बाहेर जाता यावे म्हणून त्या कुटुंबाने दाराजवळची जागा घ्यावी. आपल्या मुलाचा भाग संपला म्हणून निघून जाणे अशोभनीय आहे, नंतरच्या मुलांसमोर रिकाम्या खुर्च्या राहतात. घरी परतताना पहिले वाक्य चुकीविषयी नसावे. ती मुलाला आधीच ठाऊक असते.

पायरी ७ : परीक्षा, रजा आणि निरोप

दहावी-बारावीचे वर्ष आले की घरात प्रश्न उभा राहतो. नीट किंवा जेईईच्या शिकवणीच्या वेळा आणि तालमीच्या वेळा यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही, आणि अशा वर्षी वाद्यवृंद सोडणे हा अपराध नाही. वाईट असते ते अर्धवट राहणे, म्हणजे नाव पटावर आणि मूल दोन महिन्यांतून एकदा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडळाच्या परीक्षा असतात हे वर्षाच्या आरंभीच माहीत असते; म्हणून जूनमध्येच कंडक्टरशी बोलून डिसेंबरच्या कार्यक्रमापर्यंत यायचे की संपूर्ण वर्ष रजा घ्यायची, हे ठरवावे. रजेच्या काळातही आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा मिनिटे वाद्य हाती घेतले, तर परतणे सोपे जाते.

सोडायचेच ठरले तर कार्यक्रमाच्या तोंडावर सोडू नये, कारण एका स्टँडवरील एक जण गेला की दुसऱ्याला पान उलटायलाही कोणी उरत नाही. चालू सत्र पूर्ण करावे, मुलाने स्वतः कंडक्टर आणि विभागप्रमुखाला भेटून सांगावे, संस्थेचे वाद्य असेल तर तारा आणि बो तपासून परत करावे, आणि नोटेशनच्या प्रती पेन्सिलच्या खुणा खोडून, पानांचा क्रम लावून जमा कराव्यात. बोच्या दिशेच्या खुणा पुढच्या वादकासाठी ठेवायच्या की खोडायच्या, हे खोडण्यापूर्वी विभागप्रमुखाला विचारावे.